केसभर म्हणजे अठ्ठावीस पल्स

वागळे इस्टेटमधला एखादा गाळा बंद झाला की त्यातल्या यंत्रांचं पुढे काय होतं, हा प्रश्न मला उभ्या आयुष्यात पडला नव्हता. मी बँकेतला माणूस. यंत्रांशी माझा संबंध नोटा मोजण्याच्या मशीनपुरता, आणि तेही अडलं की मी शिपायाला हाक मारत असे. पण आता उत्तर ठाऊक झालं आहे. काही यंत्रं कुर्ल्याच्या भंगारात जातात, काही रंग लावून दुसऱ्या गाळ्यात नांदायला जातात, आणि एक लेथ डोंबिवलीला माझ्या बहिणीच्या घरी राहायला गेला.

वागळे इस्टेट म्हणजे काही ऐरीगैरी वसाहत नव्हे. १९६२ साली एमआयडीसी स्थापन झाली आणि तिची पहिली औद्योगिक वसाहत ठाण्यात इथंच उभी राहिली. ठाणे, कळवा, डोंबिवली, कल्याणमधल्या कितीतरी घरांतली घड्याळं पुढं वर्षानुवर्षं इथल्या शिफ्टवर लावलेली होती. आता बऱ्याच शेडच्या जागी काचेच्या इमारती आल्या आहेत. जिथं ‘परदेशी माल कशाला, आम्ही इथंच करून देतो’ म्हणत शाफ्ट टर्न व्हायचे, तिथं रोड नंबर बावीसवर आता परदेशी जायचे पासपोर्ट मिळतात.

माझे दाजी याच इस्टेटमधल्या एका टूलरूममध्ये नोकरीला लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. मूळचे पलूस तालुक्यातले. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली औंध संस्थानातल्या एका ओसाड माळावर कारखाना काढला आणि त्याची किर्लोस्करवाडी झाली, ही हकिगत दाजी अशा तपशिलानं सांगतात की मुहूर्ताचा नारळ यांनीच फोडला असावा असं ऐकणाऱ्याला वाटतं. पुढं १९४१ साली किर्लोस्करांनी हरिहरला लेथ बनवायचा कारखाना काढला. तिथला लेथ आपल्या घरी असावा ही दाजींची मनीषा. पण बंद झालेल्या गाळ्याच्या मालकानं किर्लोस्कर आधीच विकून टाकला होता. उरला होता राजकोटचा साडेचार फुटी. दाजींनी तोच पसंत केला. स्थळं पाहताना माणूस जशी शेवटी तडजोड करतो आणि मग जन्मभर ‘आम्हाला हेच हवं होतं’ म्हणतो, तसं ते आता राजकोटच्या बिडाचं कौतुक करतात.

छोट्या हत्तीवर बसून तो लेथ मुंब्रा बायपास, शिळफाटा असं दर्शन घेत डोंबिवलीच्या एमआयडीसी निवासी विभागात आला. कल्याण-शीळ रस्त्यावरच्या कोंडीत टेम्पो इतका वेळ उभा होता की शेजारच्या रिक्षावाल्यानं लेथचा भाव विचारून झाला, नातेवाइकांची चौकशी झाली आणि त्याच्या मेहुण्याच्या गॅरेजसाठी एक पुली टर्न करून द्यायचंही ठरलं. घरी आल्यावर पहारी, पाइपचे तुकडे, चेनपुली आणि चार जणांचा ‘हैसा’ एवढ्या सामग्रीवर लेथ गाडीच्या शेडमध्ये सरकवण्यात आला. गाडी तेव्हापासून रस्त्यावर असते. ताईनं विचारलं, “अहो, पावसाळ्यात गाडी गंजेल त्याचं काय?” दाजी म्हणाले, “गाडीला रंग असतो. लेथचा बेड उघडा असतो.” या युक्तिवादावर ताईकडे उत्तर नव्हतं. म्हणजे होतं, पण तिनं ते राखून ठेवलं.

इथवर ठीक होतं. निवृत्त टर्नरनं घरी लेथ आणावा यात नवल ते काय? पण दाजींच्या डोक्यात वेगळंच होतं. त्यांना हा लेथ काँप्युटरवर चालवायचा होता. सीएनसी करायचा होता.

मला हे कळेना. कारण कंपनीत पहिलं सीएनसी मशीन आलं, तेव्हापासून त्यावरच्या पोरांना दाजी ‘बटणवाले’ म्हणत आले होते. “बटण दाबायला काय, लिफ्टमन पण दाबतो. ह्याला म्हणतात हात,” असं म्हणून ते आपला उजवा हात पुढं करायचे आणि आम्ही तो पाहून गंभीर व्हायचो. मग आता हे काय? एकदा फाटकाशी उभे असताना त्यांनी हळूच सांगितलं, “ज्यानं आपला स्टूल घेतला ना, ते आतनं कसं असतंय ते एकदा बघायचंय.”

तसा हा स्टूल काढून घेण्याचा कार्यक्रम जुना आहे. पूर्वी टर्नर हत्यार स्वतःच्या हातात धरून फिरत्या धातूला टेकवायचा. १८०० च्या आसपास लंडनमध्ये हेन्री मॉड्स्लेनं ते हत्यार सरकत्या स्लाइडवर घट्ट बसवलं आणि तिला लीड स्क्रू जोडला. टर्नरच्या हातात राहिलं फक्त हँडल. पुढं अमेरिकेत मिशिगनमध्ये जॉन पार्सन्स नावाच्या गृहस्थांना हेलिकॉप्टरच्या पात्यांचे वळसे अचूक कापायचे होते. त्यातून कल्पना निघाली की आकडेच यंत्राला चालवतील. हवाई दलानं पैसा दिला आणि १९५२ साली एमआयटीत छिद्रं पाडलेल्या कागदी पट्टीवर चालणारं मिलिंग मशीन लोकांना दाखवण्यात आलं. त्याला आज्ञा देणारं कपाट शेकडो व्हॅक्यूम ट्यूबांनी भरलेलं होतं. अशा रीतीनं हँडलही गेलं. टर्नरच्या हाताला मोकळीक मिळाली, ती आजतागायत आहे.

दाजींनी लेथ उघडला. हँडलं निघाली, जुने स्क्रू निघाले आणि त्याबरोबर ‘प्ले’ निघाला. जुन्या लेथचं हँडल उलट फिरवलं की सुरुवातीचा थोडा भाग ते नुसतंच फिरतं, स्लाइड जागची हलत नाही. हा प्ले. स्क्रू आणि नट यांच्यातली झीज. दाजींच्या हाताला तो पाठ होता. थोडं मागं जायचं आणि एकाच बाजूनं पुढं यायचं, की माप बरोबर. काँप्युटरला ही रीतभात कुठली? त्यानं अर्धा मिलिमीटर सांगितला की अर्धा मिलिमीटर हललंच पाहिजे. यंत्र आळसावलेलं आहे, जरा समजून घ्यावं, हे त्याच्या स्वभावात नाही. म्हणून जुना स्क्रू बाद आणि बॉलस्क्रू आला. त्याच्या नटात छर्रे फिरत असतात आणि तो इतका हलका चालतो की उभा धरला तर नट आपल्या वजनानं खाली उतरतो.

बॉलस्क्रू आणायला दाजी मला घेऊन नागदेवी स्ट्रीटला गेले. त्या गल्लीत लोखंडाची जी वस्तू मिळत नाही ती अजून कुणी बनवली नसावी. परत येताना मस्जिद स्टेशनवरून धीम्या लोकलचा मालडबा पकडला. वर्तमानपत्रात गुंडाळलेला तो लांब दांडा दाजींनी दोन्ही हातांत आडवा धरला होता आणि कुणाचा धक्का लागला की ते मांडीवरचं मूल सांभाळावं तसे नुसते वळत नव्हते, थेट भांडत होते. समोरचा डबेवाला बराच वेळ बघत होता. भांडुप गेल्यावर न राहवून म्हणाला, “काका, पडद्याचा रॉड काय भावानं मिळाला?” दाजींनी डोळे मिटून घेतले. मुलुंड, ठाणे, कळवा गेलं तरी उघडले नाहीत.

काँप्युटर मात्र घरातच निघाला. डोंबिवलीतल्या घरात माळ्यावर पितळेची घंगाळं, दिवाळीचा कंदील आणि मुलाच्या इंजिनिअरिंगच्या वेळचा जुना काँप्युटर असतोच. भाचा ऐरोलीला आयटी कंपनीत आहे. त्याला वाटत होतं की बाबा आता नवा लॅपटॉप मागणार. बाबांनी माळ्यावरचा डबा मागितला, कारण त्याच्या पाठीला प्रिंटरचं ते जुनं पंचवीस पिनांचं पोर्ट होतं. हँडलांच्या जागी आता मोटरी बसणार होत्या आणि त्याच पिनांवरून त्यांना पल्स पाठवायचे असतात. भाच्यानं ते पोर्ट पाहिलं आणि म्हणाला, “बाबा, हे आमच्याकडे म्युझियममध्ये पण नसेल.” मग त्यावर लिनक्ससीएनसी चढवलं. हे फुकट मिळतं. मूळ काम अमेरिकेच्या सरकारी मानक संस्थेनं केलं आणि जगाला मोकळं करून दिलं. ‘फुकट’ हा शब्द ऐकून ताई त्या दिवसात पहिल्यांदा हसली.

अट एकच. पल्स अगदी वेळच्या वेळी गेले पाहिजेत. काँप्युटर मध्येच दुसऱ्या कामात रमला तर मोटर चुकते. ते तपासायची चाचणी असते. चाचणी चालू असताना भाच्यानं सहज एक व्हिडिओ उघडला तर पडद्यावरचा आकडा टणकन उडाला. तेव्हापासून लेथच्या काँप्युटरवर किशोरकुमारला बंदी आहे.

आणि मग त्या घरातला खरा पेच सुरू झाला. दाजींनी जन्मभर ज्या भाषेत काम केलं आणि करून घेतलं ती भाषा अशी: “जरा घे.” “अजून केसभर.” “एक सूत इकडं सरकव.” “बास, बास, थोडं ठेव.” टूलरूममधल्या प्रत्येक हेल्परला हे कळत होतं. न कळणारा हेल्पर फार दिवस टिकत नव्हता. काँप्युटरला यातलं काहीही सांगता येत नाही. सूत जमून गेलं. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, ३.१७५ मिलिमीटर. पण केसभर?

दाजींनी कागद घेतला. स्टेपर मोटरच्या एका फेऱ्यात २०० पावलं. ड्राइव्हरनं प्रत्येक पावलाचे दहा तुकडे केले, म्हणजे २००० पल्स. स्क्रू एका फेऱ्यात ५ मिलिमीटर सरकवतो. म्हणजे एका मिलिमीटरला ४०० पल्स. आता केस. मायक्रोमीटर काढून त्यांनी स्वतःच्या डोक्यावरचा एक केस मोजला. त्यांच्याकडे हा कच्चा माल मुळात कमी, त्यात तो भरला जेमतेम ०.०५. मग ते स्वयंपाकघरात गेले. ताई पोळ्या करत होती. तिला न विचारता तिचा एक केस उपटला गेला आणि त्यानंतर जे झालं त्याची नोंद करण्याचं इथं कारण नाही. तो केस ०.०९ भरला. दाजींनी मधला आकडा धरला, ०.०७. गुणाकार केला आणि पाटीवर खडूनं लिहिलं: केसभर म्हणजे अठ्ठावीस पल्स.

मला तिथं उभ्या उभ्या एक गोष्ट उमगली. त्या घरात सांगितलेलं तंतोतंत ऐकणारं आजवर कुणी आलंच नव्हतं. मुलगा ऐकत नव्हता, बायको ऐकून सुधारून घेत होती, हेल्पर अर्थ लावत होते. त्यामुळं दाजींना नीट सांगावंच लागलं नव्हतं. आणि दाजी कशाला, आपण सगळेच असे. डोंबिवलीच्या फलाटावर ‘जरा पुढं सरका’ म्हणणाऱ्याला किती मिलिमीटर हवे असतात? पुढचा आपल्या कुवतीप्रमाणं सरकतो आणि गाडी सुटते. शब्दशः ऐकणारा पहिला प्राणी घरात आला तेव्हा कळलं की आपल्याला सांगताच येत नाही.

बरं, हा प्राणी आज्ञाधारक असला तरी शहाणा नव्हे. स्टेपर मोटर ओझ्याखाली एखादं पाऊल चुकली, तर काँप्युटरला ते कळत नाही. त्याच्या हिशेबी सगळं ठीक असतं. चूक झाली हेच ठाऊक नसल्यामुळं त्याचा आत्मविश्वास शेवटपर्यंत शाबूत राहतो. वीज गेली की आपण कुठं होतो हेही तो विसरतो. मग त्याला पुन्हा टोकाला नेऊन लिमिट स्विचला टेकवायचं आणि सांगायचं, बाळा, हे तुझं घर.

या लिमिट स्विचनंच एकदा सगळ्यांना वेड लावलं. लेथ छान चालत असायचा आणि अचानक थांबायचा. पडद्यावर लिहून यायचं की स्लाइड टोकाला भिडली. स्लाइड मधोमध. दाजींनी वायरी बदलल्या, भाच्यानं सेटिंग बदललं. शेवटी छडा ताईनं लावला. ती म्हणाली, “अहो, हे पाणी आलं की थांबतंय.” आणि खरंच! शेजारच्या बंगल्याचा पाण्याचा पंप सुरू झाला की त्याचा विजेचा झटका स्विचच्या लांब वायरीत उमटायचा आणि काँप्युटर समजायचा, टोक आलं. मग जाळीची शिल्डेड वायर आली, अर्थिंग नीट झालं आणि एक छोटा कपॅसिटर बसला. तोवर पाण्याच्या वेळा लेथच्या शेजारी लावलेल्या होत्या.

एव्हाना ही बातमी निवासी विभागात फिरली होती. इथं दर तिसऱ्या बंगल्यात कुणीतरी कुठल्या तरी कंपनीतून निवृत्त झालेलं आहे आणि त्यांचं ज्ञान निवृत्त झालेलं नाही. सकाळच्या फेरीत पावलं आपोआप शेडकडे वळू लागली. अंबरनाथच्या ऑर्डनन्समधले एक काका रोज येऊन “स्टेपर? सर्व्हो टाकायला हवा होता,” एवढंच म्हणायचे आणि चहा पिऊन जायचे. दुसरे एक केमिकलवाले. त्यांना लेथमधलं काही कळत नव्हतं, पण कूलंटचं पाणी दुधी का दिसतं हे ते तेल-पाण्याच्या इमल्शनपासून सुरुवात करून समजावून सांगत. मदत म्हणून कुणी स्क्रूड्रायव्हर उचलला नाही. मात्र ‘दसऱ्याला चालू झालाच पाहिजे’ असा ठराव मंडळींनी एकमतानं मंजूर केला.

दसरा ही अशा कामांची शेवटची तारीख असते, कारण त्या दिवशी यंत्राला झेंडूचा हार घालायचा असतो आणि बंद यंत्राला हार घातला तर त्याचा अर्थ वेगळा होतो. दाजी आयटीआयच्या शिस्तीचे. तिथं पहिला धडा हा की चकची, म्हणजे जॉब आवळून फिरवणाऱ्या जबड्याची, चावी चकमध्ये विसरायची नाही. हातानं चालवायच्या लेथवर निदान मोटर आपणच चालू करतो. इथं प्रोग्रॅममध्ये ‘एम ३’ आलं की चक आपणहून फिरू लागणार आणि विसरलेली चावी कुणाच्या दिशेनं जाईल ते सांगता येत नाही. म्हणून चावीला दोरी बांधून ती त्यांनी भिंतीवर टांगली आणि वर लाल रंगात लिहिलं: ‘मी इथं आहे का?’

मुहूर्ताचा जॉब ताईनं सुचवला. घरातला खल होता, बत्ता हरवला होता. तेव्हा पितळेचा बत्ता. बत्तीस मिलिमीटरचा पितळी बार चकमध्ये आवळला. दाजींनी प्रोग्रॅम स्वतः लिहिला. ‘जी ०’ म्हणजे झटकन जा, ‘जी १’ म्हणजे कापत जा, ‘एम ५’ म्हणजे चक थांबव, आणि शेवटी ‘एम ३०’. हा ‘एम ३०’ कागदी पट्टीच्या काळातला. काम संपलं, पट्टी परत गुंडाळ, पहिल्या ओळीवर उभा राहा आणि पुढच्या हुकमाची वाट बघ, असा त्याचा अर्थ. दाजींना तो फार आवडला. “असा माणूस टूलरूमला कधी मिळाला नाही,” म्हणाले.

नारळ फुटला. कुंकवाचं बोट मोटरीला लागलं. बॉलस्क्रूला अक्षता वाहायला निघालेल्या काकांना भाच्यानं वरच्या वर अडवलं. स्टार्ट. चक फिरला, हत्यार पुढं झालं आणि पितळेचा सोनेरी कीस भुरभुर उडू लागला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. एक पास, दुसरा पास. बत्त्याचा आकार दिसू लागला. डोकं, मान, मूठ. आणखी पास. बत्ता सडपातळ झाला. आणखी पास. दाजींचा हात लाल बटणाकडे सरकला. भाचा म्हणाला, “बाबा, त्याला करू द्या हो, त्याला माहितीये.” दाजींनी हात मागं घेतला. लेथ कापत राहिला, ‘एम ३०’ आलं आणि सगळं शांत झालं. चकमध्ये तीस मिलिमीटरच्या डोक्याऐवजी पंधराचं डोकं होतं आणि मान करंगळीएवढी.

कारण दाजींना लगेच उमगलं. लेथवर व्यास दोन मिलिमीटरनं कमी करायचा तर हत्यार एकच मिलिमीटर आत घालायचं असतं, कारण जॉब गोल फिरतो आणि दोन्ही बाजूंनी कमी होतो. जन्मभर हँडलपाशी उभं राहून त्यांचं डोकं माप बघताच त्याचं निम्मं करत आलं होतं. प्रोग्रॅम लिहितानाही त्यांनी तीसचे पंधरा केले. मशीन व्यासावर लावलेलं होतं. त्याला पंधरा म्हणजे पंधराचा व्यास वाटला आणि निम्मं करायचं काम त्यानंही इमानेइतबारे केलं. दोघांनीही आपापलं काम चोख केलं होतं.

ताईनं तो बत्ता हातात घेऊन पाहिला. “वेलदोड्याला होईल,” म्हणाली. एका वेलदोड्याच्या बत्त्यापोटी एकूण किती खर्च झाला हे बँकेतला माणूस म्हणून मी मनातल्या मनात काढलं होतं. ताईनं माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, “सांगू नकोस.”

पुढं पुरा बत्ता झाला, रिक्षावाल्याच्या मेहुण्याची पुली झाली आणि सर्व्होवाल्या काकांच्या गेटची मूठही झाली. काका म्हणाले, “सर्व्होवर फिनिश अजून आला असता.” लेथ चालतो आहे.

पण खरा फायदा ताईनं उचलला. शेडमध्ये चहा नेता नेता तिच्या कानावर सगळं पडत होतंच. परवा दाजी संध्याकाळी बाहेर निघाले, तेव्हा तिनं नेहमीसारखं ‘येताना जरा भाजी आणा’ म्हटलं नाही. हातात चिठ्ठी दिली. मी ती वाचली. एक: पिशवी घ्या. दोन: मानपाडा रोडला जा. तीन: कोथिंबीर, एक जुडी, पिवळं पान नको. चार: वांगी, अर्धा किलो, व्यास चाळीस मिलिमीटर, त्रिज्या नव्हे. पाच: शेडमधल्या मंडळींपैकी कुणी भेटलं तर थांबू नका. सहा: एम ३०.

दाजींनी विचारलं, “आणि आल्यावर?”

“आल्यावर पहिल्या ओळीवर उभं राहायचं,” ताई म्हणाली, “पुढचं मी सांगते.”